त्रेचाळीस वेळा ‘झाले’

“ते ‘झाले’ मी लिहिलंय. आणि बघून लिहिलंय,” असं मी खुर्चीवरून उठून मोठ्याने म्हणाले, तेव्हा सभागृहातली साठ-सत्तर माणसं एकदम मागे वळली. पुढे भिंतीएवढ्या पडद्यावर माझ्या अक्षराचा कागद दिसत होता. पडद्याशेजारी माझी नात हातात माईक धरून उभी होती. पहिल्या रांगेत तिच्या कंपनीचा मोठा साहेब बसला होता, तोही वळला. माझा मुलगा सोलकढीचा कॅन घेऊन दारातून आत येत होता, तो तिथेच थांबला. त्याने कॅन खाली ठेवला, अगदी हळू, आवाज होऊ नये म्हणून ठेवतात तसा. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि मला कळलं, की आपण याची नोकरी घालवली.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी एकाने सुरुवात केली, मग सगळ्यांनी. एका मुलीने मोबाईल वर करून माझा फोटो काढला. म्हातारीचं कौतुक वाटलं असेल त्यांना. साहेबानेही टाळ्या वाजवल्या. मुलाने वाजवल्या नाहीत आणि नातीनेही नाहीत.

मी चौथी शिकलेली बाई. परळच्या म्युनिसिपालटीच्या शाळेत गेले, पाचवीला आईने घरी ठेवून घेतलं. लग्न होऊन लालबागला आले. सासूची खानावळ होती, गिरणीतली माणसं जेवायची. सासूनंतर ती मी चालवली. गिरण्या गेल्या, खानावळ गेली, मग मी घरातूनच ऑर्डरी घ्यायला लागले. आंबोळ्या, काळ्या वाटाण्याचं सांबारं, वडे. त्या दिवशीही मी जेवणाची ऑर्डर घेऊनच तिथे गेले होते. भाषण द्यायला गेले नव्हते.

मुलगा एक्कावन्न वर्षांचा होता. एकाच कंपनीत बावीस वर्षं. ती कंपनी औषधांच्या दुकानांसाठी कम्प्युटरचा प्रोग्रॅम बनवते. बिल करायचा, कुठलं औषध संपलं ते दाखवायचा. त्या प्रोग्रॅममध्ये काही ना काही सुधारणा सतत होत असते आणि सुधारलेला प्रोग्रॅम सगळ्या दुकानांत पोचवावा लागतो. त्याला ते रिलीज म्हणतात, सिनेमासारखं. ते काम माझ्या मुलाकडे होतं. दर शनिवारी दुपारी, दुकानांत गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा. त्याला एक पायरी, मग दुसरी पायरी, असं क्रमाने करावं लागायचं. एकूण त्रेचाळीस पायऱ्या. एक राहिली तर सगळ्या दुकानांची बिलं अडकली.

कंपनीचा नियम असा, की एकाने करायचं आणि दुसऱ्याने बघायचं. करणारा आणि बघणारा एकच नको. मुलाबरोबर बघायला ऑफिसातला एक सोबती असायचा. दोघं शेजारी बसून काम करायचे.

मग लॉकडाऊन आलं. सोबती कणकवलीकडे गावी गेला आणि तिथेच अडकला. त्याच्या घरी फोन लागायचा नाही, टेकडीवर जाऊन बोलावं लागायचं. औषधांची दुकानं तर चालूच होती, त्यांचं काम थांबवता येत नव्हतं. दोन शनिवार मुलाने कसंतरी त्याला फोनवर धरलं. तिसऱ्या शनिवारी फोन लागलाच नाही. मी पलीकडे लसूण सोलत बसले होते.

“आई, हात धू आणि इथे बस,” तो म्हणाला.

घरी प्रिंटर नव्हता. त्याने वहीचे ताव काढून सगळ्या पायऱ्या हाताने लिहिल्या, मला वाचता यावं म्हणून मराठीत. त्याच्या सवयीने वर श्री घातला. प्रत्येक पायरीपुढे थोडी जागा सोडली. तो एक पायरी करायचा आणि मला पडद्यावर बोटाने दाखवायचा. कागदावर जो आकडा आहे तोच पडद्यावर आहे का, हिरवी ओळ आली का, हे मी बघायचं. इंग्रजी आकडे मला येत होते, अक्षरं त्याने शिकवली. मी एकेक अक्षर जुळवून बघायची. घाई केली नाही कधी. तो चिडायचा, “आई, तेच आहे गं, पुढे चल.” मी म्हणायची, मला बघू दे. बघून झालं की पेनाने लिहायची, ‘झाले’. त्रेचाळीस वेळा.

एकदा त्याने एकोणिसावी पायरी सोडली. नवीन घालण्याआधी जुना प्रोग्रॅम बाजूला जपून ठेवायचा, तीच ही पायरी. तो विसाव्या पायरीवर गेला. मी म्हटलं, एकोणीस राहिलं. तो म्हणाला, केलंय. मी म्हटलं, हिरवी ओळ आली नाही, मी लिहिणार नाही. त्याने परत जाऊन बघितलं, तर खरंच राहिलं होतं. त्या दिवशी तो सुनेला म्हणाला, की आईने आज चारशे दुकानं वाचवली. चारशे होती की किती ते मला माहीत नाही. पण ते वाक्य मी लक्षात ठेवलं, हे मात्र खरं.

असं दीड वर्ष चाललं. कंपनीच्या फॉर्मवर बघणाऱ्याचं नाव लिहावं लागे. तिथे मुलगा सोबत्याचंच नाव लिहायचा. माझं कसं लिहिणार? सुरुवातीलाच त्याने मला सांगून ठेवलं होतं, की आई, हे कुणाला बोलू नकोस. पुढे सोबती परत आला, माझं काम संपलं. मुलगा म्हणाला, ते कागद फेकून दे. मी फेकले नाहीत. सुतळीने बांधून गादीखाली ठेवले. चौथीनंतर माझ्या हाताने लिहिलेलं असं काही घरात नव्हतं, फेकवलं नाही, एवढंच.

नात म्हणजे माझ्या मुलीची मुलगी. डोंबिवलीला वाढली. शिक्षण झाल्यावर तिच्या मामाने साहेबाकडे शब्द टाकला आणि ती त्याच कंपनीत लागली. हुशार आहे. तिने दोन वर्षांत असं काही तयार केलं, की ते रिलीजचं काम आपोआप व्हायला लागलं. ऑफिसातल्या मुलांनी नवीन प्रोग्रॅम लिहून ठेवला, की तो आपला आपण तपासला जातो, आपला आपण दुकानांत पोचतो, आणि काही बिघडलं तर आपला आपण जुना परत येतो. मामाचे पाच तास जायचे, आता दहा मिनिटं. शनिवारची वाटही बघायला नको.

तिला ते शिकवलं कुणी? मामानेच. माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर बसून त्याने तिला त्रेचाळीस पायऱ्या समजावल्या, प्रत्येक पायरी का आहे, कधी काय चुकलं होतं म्हणून ती घातली, सगळं. सून चहा ठेवता ठेवता म्हणाली, “शिकवा, शिकवा भाचीला. उद्या ती तुम्हालाच रिलीज करेल.” तो हसला. नातही हसली, पण तिचा चेहरा पडला होता. ती म्हणाली, मामा, तुझं नाव नव्या कामात असेल, मी साहेबांशी बोलले आहे. साहेबही त्याला तसंच म्हणाला होता. दुकानदारांना नवीन गोष्टी शिकवायला एक अनुभवी माणूस ठेवायचा होता. नाव आहे, पक्कं नाही, पुढच्या आठवड्यात कळेल. सभा होती ती त्याच्या आधीच्या शनिवारी. म्हणजे मी उठून बोलले तेव्हा मला हे सगळं माहीत होतं.

त्या सभेला ते मीटअप म्हणतात. वेगवेगळ्या कंपन्यांतली प्रोग्रॅम लिहिणारी मुलं एकत्र येतात आणि नवीन काय शिकलो ते एकमेकांना सांगतात. अध्यक्ष नाही, हार नाहीत, दीपप्रज्वलन नाही. मला ते आवडलं. यंदा जागा नातीच्या कंपनीने दिली होती, परळला, गिरणी पाडून बांधलेल्या काचेच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. त्या गिरणीत माझा नवरा होता. लोक मला विचारतात, तिथे गेल्यावर काय वाटलं. काही वाटलं नाही. लिफ्ट मोठी होती, पातेली एका खेपेत वर गेली.

दरवेळी ते पिझ्झा मागवतात. नातीने हट्ट धरला, की या वेळी माझ्या आजीचं जेवण. मुलगा पातेली चढवायला मदतीला आला होता. शनिवारची सुट्टी होती त्याला, कारण शनिवारचं काम आता नव्हतंच.

जेवणाला वेळ होता म्हणून नातीने मला मागच्या रांगेत बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. तिच्या आधी गिरगावचा एक दाढीवाला मुलगा बोलला. प्रोग्रॅम लिहायच्या भाषा असतात, त्यांत आता नवीन काय काय आलंय, असा त्याचा विषय. तो इंग्रजीत बोलत होता. नात मला कानात सांगत होती. प्रोग्रॅम एखादा डबा उघडायला जातो, तिने सांगितलं, आणि डबा रिकामा निघाला तर तिथेच कोसळतो. आता नव्या भाषेत डब्यावर आधीच लिहावं लागतं, की हा रिकामा असू शकतो. मग झाकण उघडून बघितल्याशिवाय ती भाषा पुढे जाऊच देत नाही.

मी म्हटलं, “यात नवीन काय? डबा हातात घेतला की वजनावरून कळतं.”

पुढच्या रांगेतल्या दोन मुली हसल्या. एकीने वळून माझा हात धरला, म्हणाली, आजी, तुम्हीच बोला ना पुढे जाऊन. मला बरं वाटलं. आपलं बोलणं इथे चालतं असं मला वाटलं. माझी जीभ तिथेच सैल झाली.

मग नातीची पाळी आली. ती हिंदी आणि इंग्रजी मिसळून बोलत होती. घरी तिने माझ्यासमोर बोलून बघितलं होतं, त्यामुळे मला अंदाज होता. आधी कसं होतं, मग कसं बदललं, असं सांगायचं होतं तिला. आदल्या आठवड्यात तिने मला विचारलं होतं, की आजी, मामाची एखादी जुनी यादी आहे का, कागदावरची? मी गादीखालचा गठ्ठा सोडून एक कागद काढून दिला. काय करणार ते विचारलं नाही. तिनेही दुसरं अक्षर कुणाचं ते विचारलं नाही. तिला वाटलं, सोबत्याचं. सोबतीही मराठीच.

तर तो कागद पडद्यावर आला. वरचा श्री बघून थोडे हसले. मग त्रेचाळीस वेळा ‘झाले’ बघून जास्त हसले. मला राग आला नाही. हसू येण्यासारखंच होतं ते, लहान मुलाच्या पाटीसारखं दिसत होतं. मग नात म्हणाली, “अब ये ‘झाले’ लिखनेवाला सच में देखता था, या बस लिखता था, किसी को नहीं पता.”

तिचा मुद्दा बरोबर होता. माणूस कंटाळतो, न बघता लिहितो, यंत्र कंटाळत नाही. एवढंच तिला म्हणायचं होतं. पण मला ते लागलं. मी एकेक अक्षर जुळवून बघितलं होतं. माझ्या हातून एकही ‘झाले’ खोटं गेलं नव्हतं. आणि ही पोरगी साठ-सत्तर लोकांपुढे सांगते, की कुणाला माहीत नाही. मी उठले.

पुढे काय झालं ते सुरुवातीला लिहिलंच आहे.

जेवायच्या वेळी मी आंबोळ्या वाढत होते. साहेब ताट घेऊन माझ्यासमोर आला. चाळिशीतला माणूस, साधा, आवाज कधी चढवत नाही असं मुलगा सांगायचा. त्याने मला नमस्कार केला आणि मराठीत बोलला.

“आजी, किती दिवस करत होता तुम्ही हे?”

तेव्हाही गप्प राहायला हवं होतं. हसून दुसरं काही बोलता आलं असतं. पण मला वाटलं, आता सांगितलंच आहे तर नीट सांगावं, म्हणजे त्याला कळेल की काम चांगलं झालं होतं.

“दीड वर्ष,” मी म्हटलं. “दर शनिवारी. एकच चुकला, मला ताप होता.”

“मग त्या दिवशी?”

“त्या दिवशी सुनेने बघितलं.”

साहेबाने मान हलवली. सांबारं घेतलं. म्हणाला, छान झालंय. मग ताट घेऊन खिडकीशी गेला आणि एकटाच उभा राहून जेवला. सून तर इंग्रजी शाळेत शिकलेली, तिने बघितलं म्हणजे चांगलंच बघितलं, असं माझ्या मनात होतं. घरातल्या एकीपुरतं खोटं होतं, ते मी दोघींचं करून ठेवलं.

मुलगा सगळा वेळ ताटं उचलत होता. माझ्याजवळ आला नाही. रिकामी पातेली टेम्पोत चढवून आम्ही लालबागला आलो. वाटेत तो ड्रायव्हरशी बोलत होता, कुठे काम निघालंय, कुठला रस्ता खोदलाय. घरात आल्यावर त्याने चपला काढल्या, पाणी प्यायला आणि मला म्हणाला, “आये, तुका कोणी विचारल्यान गो?”

तो घरात मालवणी बोलत नाही. त्याचे वडील बोलायचे, रागावले की. मी म्हटलं, विसरले रे, तू सांगितलं होतंस ते ध्यानात राहिलं नाही. सून आतून म्हणाली, जाऊ दे, वय झालं त्यांचं. वय झालं हे मला चाललं.

सोमवारी त्याला बोलावलं. फॉर्म काढले होते सगळे. प्रत्येक शनिवारी सोबत्याचं नाव. सोबती चांगला माणूस, तो म्हणाला मी फोनवर होतो, मीच बघितलं. माझा मुलगा म्हणाला, नाही, तो नव्हता, त्याला ठाऊकही नव्हतं. त्यामुळे सोबती वाचला. मुलाला त्यांनी सांगितलं, की तुम्ही स्वतःच राजीनामा द्या, म्हणजे बावीस वर्षांवर डाग राहणार नाही. त्याने तिथेच बसून लिहून दिला. नव्या कामाच्या यादीत त्याचं नाव आधीच घातलेलं होतं, हे त्याला तेव्हा कळलं. साहेबानेच सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, न सांगता चाललं असतं.

दोन दिवसांनी मी त्या इमारतीत गेले. घरी सांगितलं, भायखळ्याला मसाला आणायला जाते. खाली बसवून ठेवलं मला, मग साहेबाने वर बोलावलं. मी त्याला सांगितलं, की माझ्या मुलाने मला बसवलं नाही, मीच बसले. तो ऐकून घेऊन म्हणाला, “आजी, तुम्ही काम चांगलं केलं असेल. माझी शंका नाही. पण जो माणूस तिथे नव्हता त्याचं नाव कागदावर आहे. उद्या मी दुकानदारांना काय सांगू?”

खानावळीत माझ्या हाताखालच्या बाईने मासे न बघता ताजे म्हणून सांगितलं असतं तर मी तिला ठेवलं नसतं. बघितलं असतं तिच्या शेजारणीने आणि तिने मीच बघितलं म्हणून सांगितलं असतं, तरीही नसतं ठेवलं. त्याचं बरोबर होतं. मी उठून आले. मसाला मात्र आणायचा राहिला आणि सुनेच्या ते लक्षात आलं. तिने विचारलं नाही.

नात आली ती सरळ माझ्यासमोर बसली. मी राजीनामा देते, म्हणाली. मामाने मला तिथे लावलं, मामाने मला शिकवलं, आणि मी त्याच्याच कागदावर चार लोकांना हसायला लावलं. आता मी तिथे कोणत्या तोंडाने बसू?

“बस,” मी म्हटलं. “दोघं घरी बसलात तर काय मिळणार?”

“आजी, मला आधी सांगायचं होतंस ना.”

“तू विचारलंस कुठे? यादी मागितलीस, यादी दिली.”

ती रडायला लागली. मी पाठीवरून हात फिरवला नाही. मला ते जमत नाही. पण एक सांगितलं, जे तोपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. मी विसरले नव्हते. मुलाने कुणाला बोलू नकोस म्हणून सांगितलेलं मला चांगलं आठवत होतं. उठताना आठवत होतं, तोंड उघडताना आठवत होतं. तू म्हणालीस की बघितलं की नाही कुणाला माहीत नाही, ते मला सहन झालं नाही. माझं नाव व्हावं असं मला वाटलं. त्यापुढे त्याची नोकरी मला दिसली नाही. म्हणून तू स्वतःला दोष देऊ नकोस, कागद तू दाखवलास, तोंड माझं होतं.

तिने डोळे पुसले. मग म्हणाली, “हे मामाला सांगितलंस?”

नाही सांगितलं. अजूनही नाही. त्याला वाटतं आई म्हातारी झाली, विसरली. विसरलेल्या आईला माफ करणं सोपं आहे, त्याने केलंय. जाणूनबुजून बोललेल्या आईचं तो काय करेल, हे मला माहीत नाही आणि मला ते बघायचं नाही. हा माझा भित्रेपणा आहे. सुनेला बहुतेक कळलंय. ती मला आता ‘वय झालं’ म्हणत नाही.

कधी कधी मी हिशेब मांडून बघते, की काय केलं असतं तर बरं झालं असतं. कागद फेकले असते तर. नातीला यादी देताना म्हटलं असतं, की यातलं अर्धं अक्षर माझं आहे, ते लावू नकोस. तिने लगेच ऐकलं असतं. किंवा त्या पहिल्या शनिवारी लसूण सोलत बसले असते आणि म्हटलं असतं, की बाबा, हे माझं काम नव्हे, टेकडीवरच्या माणसाला परत फोन लाव. पण मला ते काम आवडलं होतं. शनिवार कधी येतो असं व्हायचं. आधी मी दुसऱ्यांना जेवायला घालायची, ते ताट रिकामं करून जायचे, संपलं. हे काम झालं की दूर कुठेतरी दुकानं चालू राहायची. ज्याने मला ते दिलं, त्याच्यावरच मी ते उलटवलं. याचं मला वाईट वाटतं, दुसऱ्या कशाचं नाही. लोक हसले त्याचं नाही, टाळ्यांचं नाही.

मुलाला सात महिने काम मिळालं नाही. एक्कावन्नाव्या वर्षी, आणि त्याला येणारं काम आता सगळीकडे आपोआप होतं. जिथे मुलाखतीला गेला तिथे विचारायचे, बावीस वर्षांनी का सोडलं? तो खरं सांगायचा. मी एकदा म्हटलं, काहीतरी दुसरं सांग. तो म्हणाला, आई, पुरे झालं.

आता तो अँटॉप हिलला एका खाजगी वर्गात मुलांना कम्प्युटर शिकवतो. सकाळी जातो, दुपारी जेवायला येतो, परत जातो. मुलं त्याला सर म्हणतात. पगार कमी आहे, पण तक्रार करत नाही. सुनेने शिवणकाम वाढवलं आहे. नात त्याच कंपनीत आहे, तिच्या हाताखाली आता चार जण आहेत, आणि मामाकडे ती पूर्वीसारखीच येते. दोघं माझ्या समोर बसून त्यांच्या कामाचं बोलतात. मी आत जाते.

त्या शनिवारी सभागृहात घरचे आम्ही तिघं होतो. मुलगा आता बावन्नचा आहे, नात सत्तावीसची, आणि मी पंचाहत्तर पूर्ण केली. त्या तिघांपैकी खरं काय ते अजून आम्हा दोघींनाच माहीत आहे.